पासिंग झालं का? जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विंटेज रॅलीबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं की तिकडे इंग्लंडात गाड्या दरवर्षी तपासणीला उभ्या करतात आणि आपल्याकडे जुन्या गाडीच्या मालकालाच धड माहीत नसतं की आपल्याला नक्की काय लागू आहे. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, फक्त राहण्याचा भाग ठेवलाय.

हिंदू कॉलनी, दादर: काका नमस्कार. आजोबांची १९५२ ची एमजी टीडी आहे, कव्हर घालून गॅरेजमध्ये उभी, बाबा गेल्यापासून कोणी चालवलेली नाही. आरसी कधीच संपलीय. आता तिला दरवर्षी पासिंगला न्यावं लागणार का? आणि विंटेज नंबर घ्यावा की साधं रिन्यू करावं? एजंट रोज वेगळं सांगतो.

दरवर्षी नाही, ते आधी डोक्यातून काढा. दरवर्षीचं फिटनेस सर्टिफिकेट हा टॅक्सी, ट्रक, टेम्पो, बस अशा धंद्याच्या गाड्यांचा प्रकार, त्यांना सुद्धा पहिली ८ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि मग दरवर्षी. खासगी गाडीची आरसी पहिली १५ वर्षं चालते, त्यानंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करायची आणि तेव्हा गाडी आरटीओत दाखवायची, झालं. मधल्या काळात फक्त पीयूसी, ती धुराच्या बीएस-४ निकषाच्या आधीच्या गाड्यांना दर ६ महिन्यांनी. म्हणजे हिशोब बघा, धूर वर्षातून दोनदा तपासणार आणि ब्रेक पाच वर्षांतून एकदा! आणि गाडी कुठली तर १९५२ ची, चारी चाकांना ड्रम ब्रेक, सगळ्यांना मिळून एकच ब्रेकची लाइन, ती कुठे फुटली की पेडल सरळ फ्लोअरला. मला हे सगळं उलटं वाटतं पण नियम असा आहे.

आता पैशाचं. साध्या रिन्यूअलची फी एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला ५ हजार झाली होती, मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांना वेगळे दर लावले, देशी कारला १० हजार आणि इम्पोर्टेड चारचाकीला ८० हजार, वर जीएसटी. टीडी बनायची इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला, म्हणजे कागदावर इम्पोर्टेड असेल तर तुमचे ८० हजार गेले, तेही पाच वर्षांपुरते, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

विंटेजचा रस्ता जुलै २०२१ च्या नियमांनी उघडला. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं होऊन गेलेली, धंद्यासाठी न वापरलेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा करायला ५ हजार. नवीन नंबर मिळाला तर त्यात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पण गाडी आधीपासून रजिस्टर असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि घरात जुना बॉम्बेचा ‘बीएम’वाला नंबर असेल तर तो कुणी सोडा म्हटलं तरी सोडू नका. किंमत एवढीच की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती आणि तिथवर जाणं-येणं, बस. रविवारी सकाळी सहज मरीन ड्राइव्हला चक्कर यात कायद्याने बसत नाही. पेट्रोलसाठी मुद्दाम लांबचा पंप निवडणारे लोक आहेत म्हणतात, ते त्यांचं ते बघतील.

तुमच्या बाबतीत मी विंटेजच म्हणेन, पण आधी बॉनेट उघडून इंजिन बघा. हे गंमत म्हणून सांगत नाहीये. साठ-सत्तरच्या दशकात स्पेअर मिळायचे नाहीत म्हणून मुंबईत कितीतरी परदेशी गाड्यांमध्ये अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बसवलं गेलं, त्या वेळी तो शहाणपणाच होता, गाडी भंगारात जाण्यापेक्षा चालती राहिली. पण विंटेजच्या नियमात चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला चालत नाही. टीडीचं मूळ इंजिन १२५० सीसीचं, अ‍ॅम्बेसेडरचं १४८९. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतोय का ते टॉर्च मारून स्वतः बघा, आरटीओत तेच पहिलं बघणार.

आणि मुख्य म्हणजे ती स्टार्ट करून चालवत नेण्याचा मोह नको. आरसी नाही, इन्शुरन्स नाही, फ्लॅटबेडवर टाकून न्या. त्याच्याही आधी चारी चाकांचे व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरचे रबर, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल सगळं नवीन. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आपल्या दमट हवेत तर विचारूच नका, आतून सिलेंडर गंजतात आणि पिस्टन जाम होतात, आणि बाहेरून क्रोम मात्र लखलखत असतं. वर्षानुवर्षं चालती असलेली कळकट गाडी तपासणीत निघून जाते, कव्हरखालची चकाचक गाडी अडकते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणी ‘एकदम मिंट आहे, दहा वर्षं हलवलीच नाही’ म्हटलं की मला धडकीच भरते.

मुलुंड: भाचा बर्मिंगहॅमला असतो. त्याला १९७२ ची एमजीबी घ्यायचीय, उघड्या टपाची. विकणारा म्हणतो या गाडीला एमओटी लागतच नाही, टेन्शन नाही. हे खरं का? आणि लागत नसेल तर चांगलंच ना?

खरं आहे. चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

एमओटी म्हणजे तिकडची दरवर्षीची तपासणी. १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असताना आली, सुरुवातीला फक्त १० वर्षांवरच्या गाड्यांना आणि त्यातही ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच. मग वय खाली आणत आणत १९६७ ला ३ वर्षांवर आणलं, पुढे टायर आला, १९९१ ला धूर आला. म्हणजे मुळात ही टेस्ट जन्मली तीच जुन्या गाड्यांसाठी, आणि गंमत बघा, २० मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या ज्या गाड्यांमध्ये मोठे बदल केलेले नाहीत त्यांना तीच टेस्ट माफ! सरकारचं म्हणणं असं की हे मालक हौशी असतात, गाडी जपतात, वर्षाला थोडीच चालवतात. त्यामुळे १९७२ ची एमजीबी माफीत बसते. पण गाडी रस्त्यावर धोकादायक हालतीत सापडली तर २५०० पौंडांपर्यंत दंड आहेच, तिथे माफी नाही.

भाच्याला सांगा की माफी असली तरी स्वतःहून टेस्ट करता येते, कारची जास्तीत जास्त फी ५४.८५ पौंड आहे, आणि विकणाऱ्याला म्हणावं तू ताजी टेस्ट करून दे, मग बोलू. तो आढेवेढे घ्यायला लागला तर उत्तर मिळालंच. दुसरं, तिथे सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो, २००५ पासूनचा. कुठल्या वर्षी कशावर नापास, किती मैल झाले होते, आणि ‘अ‍ॅडव्हायजरी’ म्हणजे आत्ता पास करतोय पण इथे लक्ष ठेवा असे शेरे. हे शेरे नीट वाचायचे. २०१४ ला ‘सिलला थोडा गंज’ (सिल म्हणजे दाराखालची पट्टी), २०१५ ला तेच, २०१६ ला तेच, आणि २०१८ नंतर काहीच नोंद नाही, असं दिसलं तर गंज कुठे गेलेला नाही, फक्त बघणारा गेलाय.

एमजीबीत नापास होण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. ही गाडी १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं बनली, पाच लाखांवर निघाल्या, त्यामुळे तिची दुखणी सगळ्यांना पाठ. खाली वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि उघड्या गाडीला वरून छताचा आधार नाही म्हणजे सगळा भार दाराखालच्या सिलवर. ही सिल तीन थरांची असते, बाहेरचा पत्रा नवीन लावून रंग मारला की आतले दोन थर कुजलेले असले तरी बाहेरून कळत नाही. एमओटीवाला गाडी उघडू शकत नाही, कार्पेट काढू शकत नाही, तो हलकेच ठोकून-दाबून बघतो, म्हणून नुसता ‘पास’ हा शब्दही पुरेसा नाही. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट बेल्ट जिथे बसतात तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर नापास, आणि तिथे पॅच मारला असेल तर वेल्डिंगचा टाका सलग हवा, चार ठिपके मारून चालत नाही. भाच्याने एक करावं, गाडी मधोमध जॅकवर थोडी उचलावी आणि दार उघडून लावून बघावं. दार अडकायला लागलं, वरची फट मिटायला लागली, तर नमस्कार करून चहा पिऊन परत यावं.

मग पुढची किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. ग्रीस न मारलेली किंगपिन झिजते, चाक वर-खाली धरून हलवलं की खेळ कळतो. लिव्हरवाले जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळतात. आणि हँडब्रेक, याच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तिकडे पायाच्या ब्रेकला जुन्या कारमध्ये ५० टक्के ताकद लागते आणि हँडब्रेकला १६ टक्के, पण गाडीला ब्रेकची एकच लाइन असेल तर हँडब्रेकला २५ टक्के लागते, कारण लाइन फुटल्यावर थांबवायला तोच उरतो. साठ-सत्तरच्या बऱ्याच स्पोर्ट्‌स गाड्या इथेच गळतात. जग्वार ई-टाइपचा हँडब्रेक तर यासाठी बदनाम आहे, मागचे डिस्क चाकात नाहीत, आत डिफरन्शियलला चिकटलेले, तिथवर हात पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी अ‍ॅडजस्ट करत नाही. दोन पुढच्या चाकांच्या ब्रेकमध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तरी नापास. धुराचं मात्र सोपं आहे, ऑगस्ट १९७५ च्या आधीच्या गाडीचा धूर तिकडे फक्त डोळ्यांनी बघतात, नळी घालत नाहीत.

एक चांगली बातमीही देतो. एमजीबीचं १८०० सीसी इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी हे एकाच घराण्यातलं, बीएमसीचं बी-सिरीज. मामाला अ‍ॅम्बेसेडर उघडता येत असेल तर व्हिडिओ कॉलवरून भाच्याला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायला शिकवता येईल.

गिरगाव: दिल्लीसारखं १५ वर्षांनी पेट्रोल गाडी बंद, हे मुंबईत लागू आहे का? शेजारी घाबरवतायत.

नाही. डिझेल १० आणि पेट्रोल १५ वर्षं हा दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरचा विषय, हरित लवादाच्या आणि मग २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशातून आलेला. मुंबईत खासगी गाडी रिन्यू करत राहिलात तर चालते. शेजाऱ्यांना तुमची पार्किंगची जागा हवी असेल.

विलेपार्ले पूर्व: दादा, माझ्याकडे १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, दोन एसयू कार्बोरेटर. पीयूसीला CO (कार्बन मोनॉक्साइड) ५ टक्क्यांच्या वर येतो, दोन सेंटरवर नापास झाली. एकजण म्हणाला ‘सेटिंग’ करून देतो. काय करू?

सेटिंग कार्बोरेटरची कर, पीयूसीवाल्याची नको. नियमाने बीएस-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगवर CO ३ टक्के आणि HC, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, १५०० पीपीएम एवढी सूट आहे, नवीन गाड्यांच्या मानाने ही फारच मोठी सूट आहे, आणि नीट लावलेली स्पिटफायर त्यात आरामात बसते. पीयूसी नसताना पकडलं तर १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा खोटा कागद खिशात ठेवून फिरण्यात अर्थ नाही, आणि तुझी गाडी मुळात पेट्रोल पीत असणार, ते पैसे वेगळेच जातायत.

क्रम असा ठेव. गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पूर्ण तापव, घराखालून थेट शेजारच्या सेंटरवर थंड इंजिन नेलं तर कुठलीही कार्बोरेटरवाली गाडी नापास होईल. चोक पूर्ण परत जातोय का बघ, दोन कार्बोरेटरमध्ये बऱ्याचदा एकाचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, खालीच अडकून राहतो आणि तिथेच अर्धा प्रॉब्लेम असतो. एअर फिल्टर, प्लग, पॉइंटची गॅप, टायमिंग हे आधी, कार्बोरेटरला हात त्यानंतर. लोक उलटं करतात, टायमिंग चुकलेलं असताना जेट फिरवत बसतात आणि मग काहीच जागेवर येत नाही. दोन्ही डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या डोक्यावरचं तेलाचं भांडं) तेल आहे ना ते बघ, मग दोन्ही कार्बोरेटरची हवा सारखी कर, कानाला रबरी नळी लावून फुसफुस ऐकून जुने मिस्त्री करतात ती पद्धत अजून उत्तम आहे. शेवटी खालचा जेटचा नट वर फिरवला की मिश्रण पातळ होतं, एका वेळी एकच कड फिरवायची, दोन्हीकडे सारखी, आणि प्रत्येक वेळी थोडी रेस देऊन परत ऐकायचं. हे ज्याला येतं असा माणूस मुंबईत शोधायचा तर जुन्या फियाट-पद्मिनीवर हात बसलेला शोध, त्यांचा कार्बोरेटर वेगळा पण कान तोच लागतो.

फार पातळ पण करू नकोस. आता पंपावर ई२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल, त्यानेच मिश्रण आधी थोडं पातळ होतं, त्यात तू अजून पातळ केलंस की वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या ट्रॅफिकमध्ये ती तापणार. इथेनॉल जुन्या रबराला खातं, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम, फ्लोट चेंबरचे वॉशर हे सगळं इथेनॉलला टिकणारं घालून घे आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नकोस, इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. नळ्या तपासणं हे पीयूसीच्या कागदावर कुठेच नाही, पण गरम सायलेन्सरवर पेट्रोल गळणं हा धुरापेक्षा कितीतरी मोठा प्रकार आहे.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. स्पिटफायरच्या पुढच्या चाकाला खाली ट्रनियन असतं, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो आट्यांचा सांधा, त्यात ग्रीस मारू नकोस, गिअर ऑइल घाल, ईपी ९०. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आतून गंजतं आणि एक दिवस वळताना चाक आडवं होतं. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची, स्पिटफायर त्याच हेराल्डच्या चासीवरून काढलेली, तेव्हा एखादा हेराल्डचा म्हातारा मिस्त्री भेटला तर त्याला हे सांगायची गरज पडणार नाही.

शिवाजी पार्क: मला तुमचं हे सदर आवडतं पण एक कळत नाही. गरिबाच्या टॅक्सीला दरवर्षी तपासणी, आणि हौशी श्रीमंतांच्या स्पोर्ट्‌स गाड्यांना इंग्लंडात माफी, इथे दहा वर्षांचं सर्टिफिकेट. हा कुठला न्याय?

तुमचा राग मला पटतो, निदान अर्धा. पद्मिनी टॅक्सीचंच घ्या. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. म्हणजे वर्षानुवर्षं तपासणी देऊनही ती वयावरच गेली. आणि १९५२ ची टीडी, जिला सीट बेल्ट नाही, डिस्क ब्रेक नाही, ती एकदा तपासली की पुढची दहा वर्षं मोकळी.

दुसरी बाजू पण सांगतो. टॅक्सी दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर अनोळखी माणसं घेऊन फिरते, तिची तपासणी कडक असणं बरोबरच आहे. विंटेज गाडी वर्षातून चार वेळा बाहेर येते, हॉर्निमन सर्कलला रॅलीला उभी राहते, पुढे-मागे पोलीस असतात. धोका कमी आहे, हे मान्य. पण कमी चालते म्हणून सुरक्षित, हे मान्य नाही, कारण मघाशी दादरच्या वाचकांना सांगितलं तसं न चालण्यानेच ब्रेक मरतात. या बाबतीत मला जर्मनांचं पटतं. तिकडे ३० वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं, कर ठरावीक लागतो, मान मिळतो, आणि तरीही दर दोन वर्षांनी तपासणी चुकत नाही. मान द्या, फी कमी करा, पण लिफ्टवर चढवून खालून बघा. तसं आपल्याकडे झालं तर निम्मे मालक कुरकुरतील आणि बाकीच्या निम्म्यांना आपल्या गाडीचा खालचा भाग पहिल्यांदा दिसेल.

अंधेरी पश्चिम: माझी सॅन स्टॉर्म आहे, २००१ ची. पाच वर्षांचं रिन्यूअल पुन्हा आलंय. फायबरची बॉडी बघून इन्स्पेक्टर कटकट करेल का? ही क्लासिक मध्ये धरतात का?

वा, सॅन स्टॉर्म! गोव्यात बनलेली दोन सीटर, आत रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, नवीन पिढीतल्या बहुतेकांना अशी गाडी भारतात बनायची हेच माहीत नाही.

कायद्यात क्लासिक असा वेगळा वर्ग नाहीये, एकतर ५० वर्षांवरची विंटेज, नाहीतर तुम्ही-आम्ही सगळे सारखे. तुम्ही सारखेच. वय २० च्या वर गेलंय, गाडी देशी आहे, म्हणजे १० हजारांच्या रांगेत. फायबरचं काही अडत नाही, मॉडेल मंजुरी घेऊनच विकलं गेलं होतं, आरसीवर जे लिहिलंय ते गाडीवर दिसलं की झालं. अडतं ते भलत्याच गोष्टींवर, वायपर, इंडिकेटर, हॉर्न, रिव्हर्स लाइट, मालकाने हौसेने बदललेला रंग जो आरसीवर चढवलाच नाही, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, आणि चासी नंबरवर चढलेला रंग किंवा गंज ज्यामुळे पेन्सिलने छाप उठत नाही. तो नंबर आधी साफ करून ठेवा, वर ग्रीसचा हात द्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल.

फायबर गंजत नाही पण त्याच्या खालचा लोखंडी सांगाडा गंजतो हे मात्र लक्षात ठेवा, वर्सोव्याची खारी हवा आहे तुमच्याकडे. फायबरच्या गाड्यांमध्ये हाच धोका, वरून वीस वर्षं तशीच दिसते. इंग्लंडातल्या लोटस इलानचीही हीच कथा, फायबरची बॉडी आणि आत पत्र्याची कण्यासारखी चासी, तीच कुजते. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला बोल्टने धरलंय तिथे दरवर्षी पावसाळा संपला की गाडी वर घेऊन वायर ब्रशने घासून बघा.

बोरिवली: टायरची नक्षी एकदम नवी आहे पण टायर १४ वर्षांचे आहेत. पासिंगला चालतील ना?

पासिंगला चालतील, नियम १.६ मिलिमीटर नक्षीचा आहे आणि तुमची त्याच्या कितीतरी वर असणार. एक्स्प्रेस वेवर चालणार नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, आणि दहाच्या पुढे गेलेला टायर मी स्वतः लावत नाही, बाजूच्या भिंतीत बारीक चिरा दिसत असतील तर त्याच्याही आधी काढतो. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा साइझ मिळत नाही म्हणून लोक ओढत राहतात. एमजीबीसारखी १४ इंची रिम असेल तर जवळपासचा देशी साइझ बसतो, फक्त वळताना मडगार्डला घासत नाही ना आणि तारांची रिम असेल तर आत ट्यूब घातलीय ना एवढं बघून घ्या. एमजी टीसीसारखी १९ इंची बारीक चाकं असतील तर मात्र बाहेरूनच मागवावे लागतील, आणि यायला वेळ लागतो, तेव्हा रिन्यूअलची तारीख जवळ असेल तर ऑर्डर आजच द्या.